लांडग्याची खूण, गरुडाची खूण आणि फुटबॉलचं मैदान

नदीकाठ

बरेच दिवस हे लिहायचं राहून जात होतं. कुठे लिहावं कळत नव्हतं, शेवटी इथेच लिहितेय.

२ जुलै २०२४, मंगळवार. युरो चषकाची शेवटच्या सोळा संघांची फेरी, लाइपझिगला तुर्की विरुद्ध ऑस्ट्रिया. आम्ही बर्लिनमध्ये नॉयकोल्नला राहतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटी बेकरी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना मी तेयझे म्हणते, म्हणजे तुर्कीत मावशी. त्या महिन्यात त्यांनी टीव्ही दुकानाबाहेर फुटपाथवर एका खोक्यावर मांडला होता. आजूबाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उलट्या केलेल्या क्रेट, चहाचे ते कमरेत बारीक असलेले पेले. दुसऱ्या दिवशी लेकीची बालवाडी होती, तरी तिला घेऊन मी खाली उतरले. सहा वर्षांची आहे. सामना कसला, तिला फक्त गर्दी आणि तिळाची कडी हवी होती.

पहिलं मिनिट संपायच्या आत तुर्कीच्या मेरिह देमिरालने गोल केला. एकोणसाठाव्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून दुसरा. त्यानंतर मैदानावर त्याने काय केलं ते त्या क्षणी माझ्या नीट लक्षातही आलं नाही, कारण फुटपाथवर एकच कल्लोळ झाला होता. त्या कल्लोळात तीन-चार पुरुषांनी हात वर केले. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका जुळवलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ. लांडग्याचं तोंड आणि दोन कान.

माझ्या लेकीनेही लगेच हात वर केला. तीच बोटं, तोच आकार, आणि दुसरा हात ओठांवर. जर्मन बालवाड्यांत ही खूण सगळ्या मुलांना माहीत असते. तिला गप्प बसणारा कोल्हा म्हणतात. तोंड बंद, कान उघडे. बाईंनी हात वर केला की वर्ग शांत. तिला वाटलं, हे काका सगळ्यांना गप्प करतायत, म्हणून तिनेही मदत केली. एक-दोघं खूश होऊन तिच्याकडे बघून हसले.

तेयझे चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, लेकीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिची बोटं एकेक करून मिटली. काही बोलल्या नाहीत. मूठ झाली तशी तिच्यात एक खारा बिस्किटाचा तुकडा ठेवला आणि आत निघून गेल्या. उरलेला सामना त्यांनी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी बातम्या सुरू झाल्या. देमिरालने दोन्ही हातांनी तीच खूण केली होती. ही खूण तुर्कीतल्या 'राखाडी लांडगे' या अतिराष्ट्रवादी चळवळीची. आल्पार्सलान तुर्केश या माजी लष्करी अधिकाऱ्याने १९६९ साली उभा केलेला पक्ष, त्याच्या तरुणांच्या संघटना, आणि सत्तरच्या दशकात डावे, कुर्द आणि अलेवी (तुर्कीतला एक अल्पसंख्य मुस्लिम पंथ) यांच्यावर त्यांनी केलेले हल्ले, असा सगळा इतिहास त्या दोन बोटांमागे आहे. ऑस्ट्रियात २०१९ पासून ही खूण कायद्याने बंद आहे. फ्रान्सने २०२० मध्ये लियॉनजवळच्या आर्मेनियन स्मारकाची विटंबना झाल्यावर या गटावरच बंदी घातली. जर्मनीत मात्र बंदी नाही, पण गुप्तचर खातं त्यांच्यावर लक्ष ठेवून असतं.

जर्मनीच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर यांनी निषेध केला. तुर्कीने जर्मन राजदूताला बोलावून घेतलं, मग जर्मनीने तुर्कीच्या राजदूताला. ५ जुलैला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, देमिरालवर दोन सामन्यांची बंदी घातली. ६ जुलैला बर्लिनमध्ये नेदरलँड्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता, त्याला राष्ट्राध्यक्ष एर्दोआन स्वतः येऊन बसले. त्या दुपारी स्टेडियमकडे निघालेला तुर्की चाहत्यांचा मोर्चा पोलिसांनी थांबवला, कारण शेकडो हात लांडगे करत होते. स्टेडियममध्ये राष्ट्रगीत चालू असतानाही तेच. एका माणसाच्या दोन हातांचे चार दिवसांत हजारो हात झाले.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. युएफाचा निकाल मी शब्दन् शब्द वाचला. त्यात सभ्य वर्तनाचे नियम मोडले, खेळाच्या कार्यक्रमाचा बिगर-खेळाच्या प्रदर्शनासाठी वापर केला, फुटबॉलची बदनामी केली, एवढंच आहे. लांडग्याचं नाव नाही. ही खूण कुणाची, ती पाहून कुणाच्या पोटात गोळा येतो, का येतो, यावर एक ओळ नाही. जर्मनीत तुर्की मुळाचे तीस लाखांच्या आसपास लोक राहतात. १९६१ च्या करारानंतर कारखान्यांत कामाला आलेल्यांची ही तिसरी-चौथी पिढी. त्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला या निकालातून काय कळलं? 'आपल्या माणसाला युरोपने गप्प केलं.' बस. त्याच इमारतीत, त्याच भाषेत बोलणारी शेजारीण त्या खुणेला घाबरते हे त्याला कुणीच सांगितलं नाही.

शिक्षा हवी की नको यावर लोक भांडतात. माझं भांडण नाव न घेण्याशी आहे. खुणेचा अर्थ करणाऱ्याच्या मनात काय होतं एवढ्यावर ठरत नाही. ती ज्याच्यासमोर केली जाते त्याच्या घरात त्या खुणेने काय केलं होतं, हे विचारल्याशिवाय निकाल पुरा होत नाही.

इथे युरोपात राहणारे बरेच जण आहेत, फुटबॉल जाणणारेही आहेत. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

---

सरळमार्गी

लेख आवडला, पण पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लांडगा हा तुर्कांच्या दंतकथेतला प्राणी आहे. लांडगीने वाचवलेल्या पोराची गोष्ट त्या पक्षाच्या कितीतरी आधीची. प्रजासत्ताकाच्या पहिल्या नोटा निघाल्या तेव्हा १९२७ च्या पाच लिरांच्या नोटेवर लांडगा होता. आज ही खूण त्या पक्षाबाहेरचे लोकही करतात. देमिरालने सांगितलं की ही माझी तुर्क म्हणून ओळख आहे, गोल झाल्यावर ते सहज झालं. एर्दोआन यांनी विचारलं की जर्मनांच्या शर्टावर गरुड आहे, फ्रेंचांच्या शर्टावर कोंबडा आहे, त्यावर कुणी बोलतं का? राजकारण बाजूला ठेवा, प्रश्न रास्त आहे की नाही ते सांगा.

आणि युरोपची दुटप्पी वागणूक? नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात दोन्ही संघ दंडावर लाल पॉपी, म्हणजे युद्धातल्या मृत सैनिकांच्या स्मरणाचं फूल, लावून उतरले. फिफाने राजकीय चिन्ह म्हणून दंड केला, इंग्लंडला ४५ हजार स्विस फ्रँक. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांपासून सगळे चिडले आणि वर्षभरात फिफाने नियमच सैल केला. पुढच्या नोव्हेंबरात वेम्बलीवर इंग्लंड आणि जर्मनी दोघेही पॉपी लावून खेळले. म्हणजे ब्रिटिशांचं स्मरण चालतं, तुर्कांची ओळख चालत नाही. ताई, तुमच्या शेजारणीबद्दल मला आदर आहे. पण एका व्यक्तीला वाईट वाटलं म्हणून आख्ख्या देशाची खूण बंद करायची का?

---

कैरीचं_लोणचं

वाचतेय. लेकीची बोटं मिटण्याचा प्रसंग वाचून थांबले थोडा वेळ. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

बाझलवासी

नदीकाठताई, धाग्याबद्दल धन्यवाद. मी सोळा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला आहे. आमच्याकडे हेच २०१८ मध्ये झालं, फक्त लांडग्याच्या जागी गरुड होता.

२२ जून २०१८, विश्वचषक, कालिनिनग्राद. स्वित्झर्लंड विरुद्ध सर्बिया. पाचव्या मिनिटाला मित्रोविचचा गोल, सर्बिया पुढे. बावन्नाव्या मिनिटाला ग्रानित झाकाने लांबून बरोबरी केली आणि दोन्ही तळवे अंगठ्यांनी अडकवून छातीशी फडफडवले. अल्बानियन झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड. नव्वदाव्या मिनिटाला जेर्दान शाचिरी एकटा धावत गेला, गोल केला, शर्ट काढला आणि तोच गरुड. कर्णधार लिश्टस्टायनरनेही केला, त्याचं अल्बानियाशी काही नातं नसताना, सोबत्यांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून.

आता त्यांची घरं पाहा. कोसोव्होतले बहुतेक लोक अल्बानियन वंशाचे, आणि सर्बिया कोसोव्होला आपलाच भाग मानतो. शाचिरी कोसोव्होत ग्यिलानला जन्मला आणि अगदी लहान असताना इकडे आला. त्या दिवशी त्याच्या एका बुटावर स्विस झेंडा होता आणि दुसऱ्यावर कोसोव्होचा. झाका इथलाच, बाझलचा. त्याच्या वडिलांनी विद्यार्थी असताना युगोस्लाव्ह सरकारविरुद्ध निदर्शनं केली म्हणून सुमारे साडेतीन वर्षं तुरुंगात काढली. सामनाभर सर्बियन प्रेक्षक या दोघांच्या पायाला चेंडू लागला की शिट्ट्या मारत होते. माझ्या कामाच्या ठिकाणी माझ्या उजव्या हाताला बसणारा कोसोव्होचा आणि समोर बसणारी सर्बियातल्या नोवी सादची. सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी दोघं एकाच वेळी आले आणि दोघंही परत फिरले. दोन आठवडे त्यांच्यातली कामाची पत्रं माझ्यामार्फत जायची. मी कुणाचीच बाजू घेऊ शकत नव्हतो, कारण कोसोव्होच्या युद्धातून त्याचा चुलता परत आला नव्हता आणि १९९९ च्या नाटोच्या बॉम्बफेकीत तिची आई तिला घेऊन तळघरात बसली होती.

फिफाने झाका आणि शाचिरीला प्रत्येकी १० हजार फ्रँक दंड केला, लिश्टस्टायनरला ५ हजार. कारण काय दिलं? खिलाडूवृत्तीला सोडून वागणं. ताई म्हणतात तसंच, गरुडाचं नाव नाही, कोसोव्होचं नाही. अल्बानियाच्या पंतप्रधानांनी दंड भरायला जाहीर वर्गणी काढली आणि दंड मिरवायची गोष्ट झाली. इथे स्वित्झर्लंडमध्ये फुटबॉल महासंघाच्या एका बड्या अधिकाऱ्याने दोन नागरिकत्वं असलेली मुलं संघात घ्यावीत का, असा प्रश्न जाहीरपणे काढला. तो मला त्या गरुडापेक्षा जास्त लागला, माझाही मुलगा इथेच खेळतो म्हणून.

पण माझा प्रश्न ताईंना आहे. तुमच्या कसोटीवर हा गरुड कुठे बसतो? समोरच्या घरात त्याने काय केलं, असं विचारलं तर नोवी सादची बाई एक उत्तर देईल आणि कोसोव्होचा पोरगा दुसरं.

---

पेठकर

आमच्या कोल्हापूरचं सांगतो, लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या.

आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पेठ, तालीम, मंडळ, आणि त्यांचे रंग. शाहू स्टेडियमवर सामना असला की अंगातल्या शर्टाच्या रंगावरून तू कुठून आलास ते कळतं. विश्वचषक आला की अर्ध्या गल्लीवर अर्जेंटिनाचा झेंडा आणि अर्ध्या गल्लीवर ब्राझीलचा, चौकात दोन मजली कटआउट. यात राष्ट्र वगैरे काही नाही, तरी मी डोळ्यांनी बघितलंय की एका अंतिम सामन्यानंतर समोरच्या पेठेच्या रस्त्यावरून मुद्दाम आपला झेंडा फिरवत नेला आणि रात्री दोन पोरांची डोकी फुटली. त्यातलं एक माझ्या मावसभावाचं. झेंडा तोच, कापड तेच. आपल्या चौकात फडकवला की सण, दुसऱ्याच्या दारात नेला की खोडी. मैदानावरची खूण ही कायमच दुसऱ्याच्या दारात केलेली असते, कारण तिथे समोर तोच बसलेला असतो.

---

नदीकाठ

पेठकरदादा, यात लहान तोंडी काहीच नाही. मला दोन पानं लागली ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

@सरळमार्गी, तुमचा प्रतिसाद मनापासून आहे म्हणून तसंच उत्तर देते.

तेयझे अलेवी आहेत, त्यांचं माहेर मराशकडचं. डिसेंबर १९७८ मध्ये मराश शहरात राष्ट्रवादी जमावाने अलेवींच्या वस्त्यांवर हल्ला केला. शंभरच्या वर माणसं मारली. हल्ल्याच्या आधी कुणाची घरं ते कळावं म्हणून दारांवर खुणा केल्या होत्या. तेयझे तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. हे त्यांनी मला सामन्यानंतर तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता. त्या म्हणाल्या, 'आमच्या दारावर खूण नव्हती, कारण दार नुकतंच रंगवलं होतं आणि कुणीतरी ते चुकून आमचं नाही असं धरलं.' मग पुन्हा कणीक.

आणि तारीख. २ जुलै. १९९३ साली याच तारखेला सिवासमध्ये अलेवींच्या एका सांस्कृतिक महोत्सवाला आलेले लोक उतरले होते ते मादिमाक हॉटेल जमावाने पेटवलं. लेखक, कवी, गायक, नाचणारी तरुण मुलं असे तेहतीस पाहुणे आणि हॉटेलचे दोन कामगार गेले. तो जमाव धर्मांधांचा होता, तो आणि राखाडी लांडगे एकच असं मी म्हणणार नाही. पण अलेवी घरांत त्या दिवशी मेणबत्ती लावलेली असते. तेयझेंच्या दुकानातही होती, काउंटरच्या मागे. मी ती पाहिली होती आणि मला तिचा अर्थ माहीत नव्हता. त्या रात्री टीव्हीवर लांडगा आणि आत मेणबत्ती. देमिरालला ती तारीख ठाऊक असेल असं मी धरत नाही. पण 'एका व्यक्तीला वाईट वाटलं' हे माप इथे पुरत नाही, दादा.

गरुड आणि कोंबडा शर्टावर असतात, त्यांनी कुणाचं दार शोधलं नाही. निदान त्या शर्टावरच्यांनी नाही. जर्मन गरुडाचं एक दुसरं रूपही होतं, आणि त्याच्या पंजात जे होतं ते, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, आज जर्मनीत दाखवलं तर तुरुंगही होऊ शकतो. म्हणजे जर्मनांनी स्वतःच्या गरुडाला हाच प्रश्न विचारून झालाय.

पॉपीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि माझंही तेच म्हणणं आहे. जेम्स मॅक्लीन हा आयर्लंडचा फुटबॉलपटू, उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या क्रेगन वस्तीतला. ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने डेरीत निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तेरा जण जागीच गेले, त्यातले काही क्रेगनचे. २०१२ पासून त्याने इंग्लंडच्या मैदानांवर पॉपी लावली नाही. २०१४ मध्ये त्याने आपल्या क्लबच्या मालकाला पत्र लिहून समजावलं की ही पॉपी दोन महायुद्धांतल्या मृतांपुरतीच असती तर मी रोज लावली असती, पण ती नंतरच्या लढायांसाठीही आहे, त्यात माझं गाव आहे. त्याला वर्षानुवर्षं शिव्या आणि धमक्या मिळाल्या. फिफाने २०१६ मध्ये दंड केला आणि २०१७ मध्ये सोडून दिलं, पण दोन्ही वेळा मॅक्लीनचा प्रश्न कुणी निकालात लिहिला नाही. तुम्ही याला दुटप्पीपणा म्हणता. मला वाटतं मुळातच ते खुणा वाचतच नाहीत. फक्त आरडाओरड मोजतात.

---

हुगळीतीर

मी कोलकात्यात वाढलो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू.

मैदानावर राष्ट्रवाद नकोच असं म्हटलं तर आमच्या शहराला फुटबॉलचा इतिहासच राहणार नाही. २९ जुलै १९११, आयएफए शील्डचा अंतिम सामना, मोहन बागान विरुद्ध ब्रिटिश सैन्याची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. अकरांपैकी बहुतेक अनवाणी. शिबदास भादुडी आणि अभिलाष घोष यांचे गोल, २-१. बंगालच्या फाळणीची जखम ताजी होती. त्या दिवशीचे ते अनवाणी पाय हे चिन्हच होतं, आणि राजकीयच होतं. आजचा नियम तेव्हा असता तर पंचांनी बूट घालून या म्हटलं असतं. आमचे बाबा नोकरीनिमित्त साताऱ्याहून तिकडे गेले, बंगाली त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही, पण २९ जुलैला घरात गोडाचं व्हायचं.

जानेवारी २०२० मध्ये मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बीला ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी स्टँडभर बॅनर सोडला होता. ही माती रक्ताने घेतलीय, कागदाने नाही, असा त्याचा आशय. फाळणीत पूर्वेकडून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्यांचा तो क्लब. नागरिकत्वाच्या वादात तो बॅनर राजकीय होता यात शंका नाही. पण तो उचलणाऱ्यांच्या हातात कुणाला मारायची ताकद नव्हती, उलट आपलं घर पुन्हा जाईल का ही भीती होती. ताकदवानाची खूण आणि भेदरलेल्याची खूण एकाच नियमात बसवली की अन्याय होतोच. बाझलवासींच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी असावं असं वाटतं.

---

बाझलवासी

हुगळीतीर, सुंदर लिहिलंत. पण 'भेदरलेल्याची खूण' हीच दुसऱ्या मैदानावर ताकदवानाची होते.

१४ ऑक्टोबर २०१४, बेलग्रेड, सर्बिया-अल्बानिया, युरोची पात्रता फेरी. अल्बानियन प्रेक्षकांना आत प्रवेशच नव्हता. बेचाळिसाव्या मिनिटाला अंधारातून एक ड्रोन उतरलं, खाली एक झेंडा लोंबत होता. त्यावर बृहद् अल्बानियाचा नकाशा, म्हणजे सर्बियासह आजूबाजूच्या देशांचे तुकडे जोडलेला. सर्बियाच्या स्तेफान मित्रोविचने उडी मारून तो खाली ओढला, अल्बानियाचे खेळाडू तो सोडवायला धावले, आणि प्रेक्षक मैदानात. एका खेळाडूच्या डोक्यात प्लॅस्टिकची खुर्ची घातली. पंच मार्टिन ॲटकिन्सन यांनी सामना बंद केला. मी तो टीव्हीवर पाहिला. सर्बियाच्या कर्णधारासकट काही जण अल्बानियन खेळाडूंना अंगाने झाकून बोगद्याकडे नेत होते, ते दृश्य बातम्यांत फारसं आलं नाही. माझ्या मात्र तेच लक्षात राहिलंय.

युएफाने सामना सर्बियाला ३-० दिला आणि त्यांचे तीन गुणही कापले. जुलै २०१५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो उलटवून अल्बानियाला ३-० दिला, कारण सामना पुढे न होण्याचं मूळ खेळाडूंवरचे हल्ले होते. मला तो निकाल पटला, कारण त्यांनी कापड आणि खुर्ची वेगळी काढली. कापडाचा दंड वेगळा, खुर्चीचा वेगळा. त्या तीन गुणांच्या आधारावर अल्बानिया पहिल्यांदा युरोला पोचला. आणि तिथे लेन्सला त्यांचा पहिला सामना कुणाशी? स्वित्झर्लंडशी. ग्रानित झाका इकडून, सख्खा भाऊ ताउलांत तिकडून. त्यांची आई अर्धा स्विस, अर्धा अल्बानियन असा शिवलेला शर्ट घालून बसली होती. त्या एका सामन्यात गरुडाला कुणी भ्यालं नाही.

आणखी एक. डिसेंबर २०२२, दोहा, पुन्हा सर्बिया-स्वित्झर्लंड. शाचिरीने पहिला गोल केला. सगळं स्टेडियम गरुडाची वाट बघत होतं. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं. ताई, तुमच्या लेकीचा कोल्हा वाचला आणि तेच आठवलं.

---

सरळमार्गी

नदीकाठताई, मराशबद्दल मला माहिती नव्हती. १९७८ चं वाचून काढलं. 'एका व्यक्तीला वाईट वाटलं' हे वाक्य मागे घेतो.

शिक्षेबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे. गरुडाला दंड, लांडग्याला दोन सामने. २०१३ मध्ये क्रोएशियाचा योसिप शिमुनिच झाग्रेबला माइक घेऊन प्रेक्षकांकडून उस्ताशांची (दुसऱ्या महायुद्धातल्या क्रोएशियन फॅसिस्टांची) जुनी घोषणा म्हणवून घेतो, त्याला दहा सामने आणि त्याचा विश्वचषक जातो. ग्रीसचा कातिदिस वीस वर्षांचा, नाझी सलाम ठोकतो, त्याला राष्ट्रीय संघातून जन्माची बंदी. तो म्हणाला मला अर्थ माहीत नव्हता. मला तो खरंच माहीत नसावा असं वाटतं. वीस वर्षांच्या पोराला आयुष्यभर? मोजपट्टी कुठली, ते आधी छापून ठेवा. नाहीतर ज्याला शिक्षा होते त्याला नेहमीच वाटणार की आपल्याला वेगळं काढलं.

---

नदीकाठ

सरळमार्गी, वाचून काढलंत, यासाठी खूप आभार. मोजपट्टी आधी छापा, हे शंभर टक्के मान्य. आणि शिमुनिचच्या निकालात फिफाने भेदभाव आणि फॅसिस्ट काळ हे शब्द वापरले होते. लांडग्याच्या वेळी तसं काही झालं नाही, ही माझी तक्रार तुम्हीच पक्की केलीत.

बाझलवासी, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. गरुडाच्या दोन्ही बाजूंना जखमी घरं आहेत. तिथे मी दंड करण्याआधी दोन्ही घरांना बोलायला लावीन आणि ते बोलणं निकालात लिहीन. कॉफीच्या मशीनपाशी ते दोघं पुन्हा कधी भेटले का, ते मात्र सांगा.

बालवाडीचं विचारलं होतं एक-दोघींनी माझ्या विचारपूस पानावर. ब्रेमेनमध्ये शाळा-बालवाड्यांतून कोल्ह्याची खूण बंद केली. आमच्याकडे वर्गातल्या बाईंनी स्वतःच बदलली, आता त्या छोटी घंटी वाजवतात. लेकीला कारण विचारलं तर म्हणाली, 'कोल्ह्याला कान दुखले.' बाईंनी तसं सांगितलं असावं. मी अजून काही वेगळं सांगितलेलं नाही. सांगावं लागेल, तिच्या वर्गात दोन अलेवी मुलं आहेत आणि घरी लांडगा करणारी किमान तीन.

६ जुलैचं राहिलं. मला वाटलं होतं तेयझे त्या दिवशी टीव्ही बाहेर मांडणार नाहीत. मांडला. लाल शर्ट घातला होता, नातवाने आणलेला, ढगळ. पस्तिसाव्या मिनिटाला सामेत अकायदिनचा गोल झाला तेव्हा उठून ओरडल्या. फुटपाथवर परत लांडगे वर झाले, त्यांनी तिकडे पाठ केली आणि नातवाचा हात धरून ठेवला. शेवटी २-१ ने हरले. सगळे पांगल्यावर त्या पेले गोळा करत रडत होत्या. मी विचारलं नाही कशासाठी. टीव्ही आत नेताना वायरचं टोक माझ्या हातात होतं.

---

बाझलवासी

भेटले. सप्टेंबरात तिच्या मुलीचा पाय मोडला तेव्हा त्याने तीन आठवडे तिची संध्याकाळची पाळी केली. गरुडाबद्दल आजतागायत बोललेले नाहीत.